भीमेकाठची काचेची टाकी

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच काचेची टाकी काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावतं. शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेचे तालुके. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथवर पोचेपर्यंत ओसरलेला असतो. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तर पडला, तोही लहरी. कालव्याचं आवर्तन कधी सुटणार आणि बोअर उन्हाळाभर पुरणार का, ही इथली रोजची बोलणी. अशा मुलखात शोभेचे मासे पाळणारा माणूस टाकी धुताना ५६ लिटर पाणी ओतून द्यायला कचरतो. त्यानं कचरायलाच हवं. पण त्याला टंचाईखेरीज आणखी एक कारण आहे आणि ते टाकीच्या इतिहासात दडलेलं आहे.

माशांची टाकी एका घरात फार वर्षं टिकत नाही. दौंड हे रेल्वेचं आणि राज्य राखीव पोलीस दलाचं गाव. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला तेव्हापासून इथं बदलीवर येणाऱ्या-जाणाऱ्या कुटुंबांची वर्दळ आहे. शिरूर तालुक्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीभोवती भाड्याच्या खोल्यांमध्ये राहणारी हजारो माणसं आहेत. बदली झाली, खोली सोडली की फ्रीज-पलंग टेम्पोत चढतात आणि काचेची टाकी शेजाऱ्याला नाहीतर दुकानदाराला दिली जाते. काही टाक्या गच्चीवर किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात पालथ्या पडून राहतात. मग दोन-चार वर्षांनी कुणाच्या तरी मुलाला मासे पाळायची हौस येते आणि ती टाकी पुन्हा उजेडात येते. तिच्या काचेवर पांढरे थर असतात, तळाला वाळलेलं शेवाळ असतं आणि पूर्वी तिच्यात काय काय होतं हे सांगणारं कुणी नसतं.

घरात काचेमागे मासे ठेवण्याची ही रीत तशी अलीकडची, जेमतेम पावणेदोनशे वर्षांची आहे. चीनमध्ये सोनमासे त्याआधी शेकडो वर्षं पाळले जात होते, पण ते मातीच्या नाहीतर चिनी मातीच्या भांड्यांत, वरून बघायचे. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं १८५० मध्ये तिथल्या केमिकल सोसायटीपुढे एक प्रयोग मांडला. पाण्याच्या भांड्यात सोनमासे, एक पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या, तर वनस्पती प्राणवायू देते, गोगलगायी कुजकं खातात आणि पाणी बराच काळ न बदलता मासे जगतात, असं त्यानं दाखवलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं. दुसऱ्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं या विषयावरचं पुस्तक आलं आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांत टाक्यांचं वेड पसरलं. ते दहा-पंधरा वर्षांत ओसरलंही. वॉरिंग्टनचा समतोल कागदावर दिसतो तितका सोपा नव्हता. मासे मरत, पाणी नासे, टाकी गळू लागे. उत्साहानं आणलेली आणि नंतर अडगळीत गेलेली टाकी या छंदाच्या पहिल्या पिढीतच जन्माला आली होती.

महाराष्ट्रात हा छंद लोकांपर्यंत पोचवण्यात मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचा वाटा मोठा. १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ते उघडलं. तारापोरवाला यांनी त्यासाठी दोन लाखांची देणगी दिली होती. मुंबईला गेलं की राणीची बाग आणि मत्स्यालय बघायचं, हा पुढे कित्येक शालेय सहलींचा ठरलेला कार्यक्रम झाला. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानातलं छोटं मत्स्यालय पाहून अनेक मुलांनी घरी हट्ट धरला असेल. तालुक्याच्या गावांत टाक्या आल्या त्या या वाटेनं. आधी शहरात मत्स्यालय पाहिलं गेलं, मग शहरातून टाकी आली आणि पुढे गावातच काचवाला टाक्या बनवू लागला.

त्या जुन्या टाक्यांची बांधणी आजच्यासारखी नव्हती आणि जुनी टाकी हाती आली की आधी हेच तपासायला हवं. लोखंडी अँगलची चौकट, तिच्यात बसवलेल्या काचा आणि सांध्यांत भरलेली लांबी किंवा डांबर, अशी ती असे. लांबी जवसाच्या तेलात खडूची पूड मळून करत. पाण्यात टिकावी म्हणून तिच्यात शेंदूर किंवा मुर्दाडशिंग घालण्याची पद्धत होती. शेंदूर म्हणजे शिशाचं भस्म. तो पाण्यात हळूहळू उतरतो आणि पाणी जितकं आम्लधर्मी तितका जास्त. मासे आणि गोगलगायी त्यानं दगावतात, आणि तीच लांबी कोरडी खरवडताना उडणारी धूळ माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या अंगाला घातक असते. म्हणून लोखंडी चौकटीची, तांबूस लांबीची टाकी मिळाली तर ती मासे ठेवण्यासाठी वापरूच नये. तिच्यात मातीची कुंडी ठेवता येईल. तशी टाकी घासून, धुऊन, रंग देऊन पुन्हा माशांसाठी चालवण्याचा आग्रह काहीजण धरतात. तो चुकीचाच आहे, कारण सांध्यात मुरलेलं शिसं धुऊन जात नाही.

हे सारं बदललं ते सिलिकॉनमुळे. १९६० च्या दशकापासून सिलिकॉनच्या चिकटीनं काचेला काच जोडून चौकटीशिवाय टाकी करता येऊ लागली. ताज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, कारण घट्ट होताना त्यातून ॲसेटिक आम्ल बाहेर पडतं. तो वास पूर्ण गेल्याशिवाय टाकीत मासे सोडत नाहीत.

काचेची गोष्टही पुणे जिल्ह्याला परकी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी घरटी पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून, टिळकांच्या पाठिंब्यानं, तळेगाव दाभाडे इथं १९०८ मध्ये काचेचा कारखाना निघाला. परदेशात काच बनवण्याचं शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याच्या उभारणीत होते. कारखान्याबरोबर तिथं कारागीरही शिकून तयार झाले. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना आला आणि त्यांच्या 'प्रभाकर' कंदिलाची काच घरोघरी पोचली. मात्र हे फुंकून किंवा साच्यात घडवलेल्या काचेचं काम होतं. टाकीला लागते ती सपाट, सारख्या जाडीची आणि लाटा नसलेली काच. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून ती करण्याची पद्धत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीनं १९५० च्या दशकात विकसित केली. १९९० च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या तळोज्याला तशा काचेचा कारखाना सुरू झाला. चांगली सपाट काच सहज मिळू लागल्यावर फोटोफ्रेम आणि खिडक्यांचं काम करणारा तालुक्यातला काचवाला टाकीही जोडून देऊ लागला. आज शिरूर-दौंडकडे जी जुनी टाकी हातोहात फिरते ती बहुधा याच पिढीतली असते.

तिची पहिली परीक्षा कोरडीच करायची. काठावर चिरा किंवा टवके आहेत का ते बोटानं नव्हे, उजेडात धरून डोळ्यानं पाहायचं. सांध्यातलं सिलिकॉन पिवळं पडून सुटलंय का तेही बघायचं. मग सपाट जागी, खाली थर्मोकोलचा पत्रा घालून, पाणी भरून दोन दिवस ठेवायची. गळत असेल तर जुनं सिलिकॉन पात्यानं पूर्ण काढावं लागतं, कारण नवं सिलिकॉन जुन्यावर नीट धरत नाही. बुरशी मारणारं औषध मिसळलेलं, न्हाणीघरासाठीचं सिलिकॉन माशांना चालत नाही. भरलेली टाकी कधीही उचलू नये. ५६ लिटर पाणी म्हणजे ५६ किलो, आणि वर काच. अशी टाकी उचलली की तळाचा सांधा सुटतो आणि काच माणसाच्या पायावर येते.

आता धुण्याकडे वळायला हरकत नाही. पण इथं आधी गावातल्या विहिरीकडे जावं लागतं. शोभेच्या टाकीच्या स्वच्छतेची बहुतेक साधनं या मुलखात विहिरीच्या आणि हौदाच्या स्वच्छतेसाठी आधीच येऊन पोचली होती.

एकोणिसाव्या शतकात कॉलऱ्यानं दख्खनची गावंच्या गावं हलवली. जत्रा आणि वाऱ्या हे साथीचे मोठे मार्ग होते. तुकोबांची पालखी आजही दौंड तालुक्यातून, यवत आणि वरवंडला मुक्काम करत पंढरपूरकडे जाते. जिथं हजारो माणसं एका विहिरीवर पाणी पीत, तिथं साथ वाऱ्यासारखी पसरे. अर्नेस्ट हँकिन हे ब्रिटिश जीवाणुतज्ज्ञ आग्र्याला काम करत होते. १८९० च्या दशकात त्यांनी विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकून पाणी शुद्ध करण्याची पद्धत रूढ केली. पाण्याला गुलाबी रंग येईल इतकं टाकायचं आणि तो रंग काही तास टिकला की पुरेसं झालं असं समजायचं. साधनं तुटपुंजी होती, पण पाणी शुद्ध करणं हे खेड्यातल्या माणसाच्या आवाक्यातलं काम आहे हे त्यातून पक्कं झालं. पुढे परमँगनेटची जागा ब्लीचिंग पावडरनं घेतली. आजही ग्रामपंचायतीच्या टाकीत रोज 'टीसीएल', म्हणजे हीच पावडर, पडते. पाण्यात क्लोरीन उरलंय का हे बघायला 'ओटी टेस्ट' होते. पालखी यायच्या आधी वाटेवरचे पाण्याचे साठे तपासले जातात. मासे पाळणाऱ्यांच्या खोक्यात जी परमँगनेटची जांभळी कांडी आणि ब्लीचची बाटली असते, त्यांची वंशावळ ही अशी आहे.

दुसरा धागा डासांचा. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी शोधला आणि साचलेलं पाणी हे सरकारी आरोग्य खात्याचं काम झालं. डासाच्या अळ्या खाणारे मासे हा त्यावरचा स्वस्त उपाय होता. त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पी यांच्या नावानं ओळखला जाणारा बोटाच्या पेराएवढा मासा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आला. त्याचा चुलतभाऊ गॅम्बुसिया १९२८ मध्ये इटलीहून बंगळूरला आणला गेला. पुणे जिल्ह्यात आज 'गप्पी मासे' म्हटलं की शाळकरी पोरालाही कळतं. आरोग्य केंद्राच्या आवारात त्यांचा हौद असतो, तिथून डबड्यातून नेऊन ते विहिरीत आणि जनावरांच्या हौदांत सोडले जातात. दुकानात जो रंगीत शेपटीचा गप्पी जोडीनं विकत मिळतो तो याच जातीचा. सरकारी मासा आणि शोभेचा मासा हे एकच आहेत, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही.

याच मोहिमेतून 'कोरडा दिवस' आला. आठवड्यातून एकदा घरातली पाण्याची सगळी भांडी रिकामी करायची, आतून घासायची, उन्हात वाळवायची आणि मग भरायची. यातलं घासणं सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच लोक टाळतात. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी पाण्यावर नव्हे, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते. ती अंडी वाळली तरी मरत नाहीत, महिनोन्महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. गच्चीवर पावसाळाभर उघडी पडलेली काचेची टाकी ही त्या मादीला मिळालेली आयती जागा असते. ती नुसती हिसळून घरात आणून भरली, तर माशांच्या आधी डास यायचे. म्हणून आतल्या चारही भिंती, विशेषतः वरचा पट्टा, काथ्यानं किंवा खरखरीत स्पंजनं जोर लावून घासायला हवा. हे काम आशा सेविकेनं रांजणाबद्दल सांगितलं की आपल्याला पटतं. टाकीच्या बाबतीत ते तितक्याच मनावर घ्यायला हवं.

घासायला साबण किंवा भांड्याची पावडर वापरायची नाही. साबणाचा अंश सिलिकॉनच्या सांध्यांत राहतो आणि माशांच्या कल्ल्यांवरचा नाजूक थर खातो. त्याऐवजी जाडं मीठ ओलं करून घासलं की शेवाळ सुटतं. शिरूर-दौंडच्या विहिरी आणि बोअर काळ्या पाषाणात खोदलेल्या आहेत. त्या पाण्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. पाणी उडून गेलं की काचेवर जो पांढरा पट्टा उरतो तो या क्षारांचा. तो पात्यानं खरवडला तर काच ओरखडते. पांढरं व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाचं पाणी फडक्यात भिजवून तासभर चिकटवून ठेवलं की तो विरघळतो. संडासासाठीचं ॲसिड इथं आणू नये.

टाकीत पूर्वी आजारी मासे होते की नाही हे कळायला मार्ग नसतो, म्हणून निर्जंतुकीकरण ही ऐच्छिक बाब मानू नये. साध्या, वास नसलेल्या पातळ ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे वीस भाग असं पाणी पंधरा मिनिटं आतून फिरवायचं, मग चार-पाच वेळा स्वच्छ धुवायचं. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र येऊ देऊ नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. एक काम पूर्ण धुऊन झाल्यावरच दुसरं हाती घ्यायचं, तेही उघड्यावर. उरलेलं क्लोरीन मारायला मासेवाले जे खडे देतात ते सोडियम थायोसल्फेट. काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या काळात हेच गावोगावच्या स्टुडिओत 'हायपो' म्हणून अंधाऱ्या खोलीत असायचं. शेवटी टाकी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायची. पावसाचा तुटवडा असलेल्या या तालुक्यांना उन्हाची कधीच वाण नसते.

या साऱ्यात सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे धुणाऱ्याचे हात. १९२६ मध्ये जोसेफ ॲरन्सन यांनी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या माशांत क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद शोधला. आज त्याचं नाव मायकोबॅक्टेरियम मरिनम. हातावर कापलेलं किंवा खरचटलेलं असेल तर त्यातून तो माणसाच्या कातडीत शिरतो. काही आठवड्यांनी बोटावर, मनगटावर गाठी उठतात, हळूहळू वर सरकतात आणि औषधं महिनोन्महिने घ्यावी लागतात. डॉक्टरला माशांच्या टाकीबद्दल सांगितलं नाही तर निदान चुकत राहतं. या जंतूला ब्लीचही चटकन दाद देत नाही, त्यामुळे धुतल्यावर काच सत्तर टक्के स्पिरिटनं पुसणं चांगलं. मात्र ब्लीच पूर्ण धुऊन, काच वाळल्यावरच, आणि जवळपास विस्तव नसताना. लांब रबरी हातमोजे घालावेत. नळीनं पाणी काढताना ती तोंडानं ओढू नये. पेट्रोल काढायची जी सवय लागलेली असते, ती इथं मोडायला हवी. जुनी वाळू, स्पंज, प्लॅस्टिकची झाडं यांचा मोह सोडलेला बरा. ती शिजवून, उकळून वापरता येतात असं सांगणारे भेटतात, पण चार मुठी वाळू वाचवण्यासाठी इतका धोका घेण्यात अर्थ नाही.

इतकी स्वच्छ झालेली टाकी माशांसाठी मात्र अजून कच्चीच असते. मासे मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतात तो अमोनिया विषारी असतो, त्याचं कमी घातक नायट्रेट करणारे जीवाणू ब्लीचनं मेलेले असतात. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखवले, ते मातीत. टाकीतही त्यांच्यासारखेच जीवाणू हे काम करतात. त्यांना वसायला महिना-दीड महिना लागतो, तोवर एखाद-दुसराच मासा ठेवावा.

इथवर टाकी सुरक्षित झाली. बादलीत उरलेल्या पाण्याची गोष्ट मात्र बाकी आहे, आणि तिला या दोन तालुक्यांत दोन शतकांचा इतिहास आहे.

विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई लष्करातले अधिकारी. १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांना दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. शेती, हवामान, लोक यांच्याबरोबर त्यांनी नद्यांतले मासेही नोंदवले. लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या ग्रंथात १८४१ मध्ये त्यांचा दख्खनच्या माशांवरचा लेख छापून आला. भीमा आणि मुळा-मुठेतल्या अनेक माशांचं ते पहिलं सविस्तर शास्त्रीय वर्णन होतं. साइक्सनी शास्त्रीय नावांतही कोळ्या-भोयांची बोली घेतली. खुद्री, कोलस, गोग्रा, मुल्या ही त्यांनी दिलेली जातिनामं आजही जगभरच्या ग्रंथांत आहेत. त्यातली खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर. नदीतून तो इतका हटला की टाटांच्या वीज कंपनीला १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवणला त्याचं प्रजनन केंद्र चालवावं लागलं.

साइक्सच्या यादीतल्या नद्या आज वेगळ्या आहेत. पुण्याचं सांडपाणी घेऊन मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांच्या वेशीवर. घोडही पुढे भीमेतच जाते. आणि भीमा १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणात साठते. तिचा फुगवटा दौंडच्या पूर्व टोकापर्यंत येतो. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या नाल्यात ओतलेलं टाकीचं पाणी आणि शिरूरच्या ओढ्यात ओतलेलं पाणी अखेर एकाच जागी पोचतं.

त्या पाण्याबरोबर काय जातं? जलपर्णीचं उदाहरण घ्या. दक्षिण अमेरिकेतली ही जांभळ्या फुलांची वनस्पती तळ्यांची शोभा म्हणून जगभर नेली गेली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली, आणि १९३६ मध्ये बंगाल सरकारला तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. दर उन्हाळ्यात भीमेवर पसरणारा तिचा हिरवा गालिचा म्हणजे कुणीतरी शोभेसाठी आणून सोडून दिलेली वस्तूच आहे. गॅम्बुसियाची गणना तर जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जातींत होते. डासांच्या अळ्यांबरोबर तो स्थानिक माशांची अंडी आणि पिल्लंही खातो. उजनीच्या कोळ्यांच्या रोजच्या विक्रीत असलेली चिलापी १९५२ मध्ये खाण्यासाठी म्हणून देशात आणली गेली. ती शोभेची नव्हती आणि तिनं अनेक घरं जगवली आहेत, हे खरं. पण मरळ, वाम, शिंगटा यांच्या पाण्यात तिनं आपला वाटा मोठा करून घेतला हेही तितकंच खरं.

सगळ्यात विचार करायला लावणारा मासा सकर. काचेला तोंड चिकटवून शेवाळ खाणारा हा दक्षिण अमेरिकी मासा दुकानात बोटभर लांबीचा असतो आणि 'टाकी साफ ठेवतो' म्हणून विकला जातो. तो दीड फुटापर्यंत वाढतो, दहा वर्षांहून अधिक जगतो. दोन फुटी टाकीत तो मावेनासा झाला की मालकाला त्याला मारवत नाही आणि कुणी परत घेत नाही. मग दया म्हणून त्याला नदीत सोडतात. गेल्या काही वर्षांत उजनीच्या जाळ्यांत तो सापडू लागला आहे. त्याच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडांची कवचं आणि काटेरी पर असतात. तो गुंतला की जाळं फाटतं आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. काठाच्या मातीत तो बिळं करतो, पोटातून हवा घेऊ शकत असल्यानं घाण, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही जगतो. म्हणजे सांडपाण्यानं स्थानिक मासा गुदमरला तिथं हा तगतो. एका घराची काच स्वच्छ ठेवण्यासाठी आणलेल्या माशाचं नुकसान भोई-कोळ्याच्या घरानं सोसायचं, हे बरोबर नाही. २०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन परक्या आक्रमक जातींवर नियंत्रण आणण्याची तरतूद झाली. पण घरातल्या बादलीपर्यंत कायदा पोचत नाही, तिथं माणसालाच थांबावं लागतं.

म्हणून जुनी टाकी धुताना पाणी ओढ्यात, कालव्यात, विहिरीजवळ किंवा पावसाळी गटारात ओतायचं नाही. जिवंत मासा ज्यानं विकला त्या दुकानदाराकडे परत न्यायचा, नाहीतर मोठी टाकी असलेल्या दुसऱ्या हौशी माणसाकडे. सकर घेण्याआधीच तो दीड फुटाचा होणार हे लक्षात घ्यायचं. नुसतं मासेपाणी, ज्यात मीठ-औषध पडलेलं नाही, ते जाळीतून गाळून परसातल्या लिंबाला किंवा शेवग्याला घालावं. त्यातलं नायट्रेट झाडाला खतच असतं आणि टंचाईच्या गावात ५६ लिटर पाणी वाया जात नाही. मिठाचं आणि हायपो घालून क्लोरीन मारलेलं पाणी झाडांना नको. ते विहिरीपासून लांबच्या शोषखड्ड्यात जाऊ द्यावं. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता मोहिमेच्या काळात, २००० नंतर, गावोगाव असे खड्डे खणले गेले, ते बुजले असतील तर उपसून घ्यावेत. जाळीत अडकलेल्या गोगलगायी, त्यांची जेलीसारखी अंडी आणि पाणवनस्पतींचे तुकडे ओले असताना उकिरड्यावर टाकू नयेत, पहिल्या पावसात ते वाहून ओढ्याला लागतात. पत्र्यावर पसरून चार-आठ दिवस कडकडीत वाळवावेत, हातात चुरा झाला की मग खतात मिसळावेत.